डोंगराचें पंचांग आणि पॉपीचें फूल

फुलांची आवड आणि फुलांचा हट्ट या दोन गोष्टी एक नव्हेत. आवड असणारा मनुष्य झाडाला काय हवें तें विचारतो; हट्टी मनुष्य आपल्याला काय हवें तेवढेंच सांगतो. उन्हाळ्याची सुट्टी सिमला, मसुरी, मनाली यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणीं घालवून येणाऱ्या आमच्या सुशिक्षित मंडळींत जो एक छंद दिसून येतो, त्याला या दोहोंपैकीं कोणतें नांव द्यावें, याचा विचार एकदां झाला पाहिजे. डोंगरावरील बागेंत पॉपीचा ताटवा पाहावयाचा, त्याच्या रंगानें मोहून जावयाचें, आणि लगेच तेंच फूल आपल्या सोयीच्या जागीं व आपल्या सोयीच्या महिन्यांत फुललें पाहिजे असा आग्रह धरावयाचा, हा तो छंद होय. त्यापायीं कोणी वाढलेलें रोप कुंडींत घालून खालीं मैदानांत आणतो. कोणी डोंगरावर स्वतःचें घर असूनहि बी पेरण्याची तसदी न घेतां मे महिन्यांत फुललेल्या कुंड्या विकत घेऊन ओळीनें मांडतो. आणि कोणी तर उंच कुरणांतील निळी पॉपी मुळासकट उपटण्यासहि मागेंपुढें पाहत नाहीं. या तिन्ही प्रकारांस आमचा विरोध आहे. पॉपी लावावी, अवश्य लावावी. परंतु डोंगरावरील उन्हाळी बाग डोंगराच्या पंचांगानें लागली पाहिजे, बंगल्याच्या मालकाच्या सुट्टीच्या पंचांगानें नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

प्रथम नांवाचाच एक घोटाळा दूर करूं. पॉपी म्हटलें कीं आमच्याकडील वडील मंडळींच्या डोळ्यांसमोर अफूची गोळी उभी राहते, आणि गृहिणींच्या डोळ्यांसमोर अनारशावरची खसखस. दोन्ही वस्तु एकाच झाडाच्या. हिरव्या बोंडाला चीर दिली असतां जो चीक येतो ती अफू, आणि बोंड वाळल्यावर आंतून जें बी निघतें ती खसखस. शिंदे-होळकरांच्या माळव्यांतील ही अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जात असे, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कित्येक पेढ्यांची भरभराट त्याच व्यापारावर झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आज १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणें या झाडाची लागवड परवान्यावांचून करणें हा गुन्हा असून, मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश यांतील नेमून दिलेल्या भागांतच सरकारी देखरेखीखालीं ती होते. 'आम्ही शोभेसाठीं लावली' ही सबब तेथें चालत नाहीं. तेव्हां या जातीला बागेंत स्थान नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवतों.

बागेंत जिला मान आहे ती पॉपी निराळी. पाश्चात्य देशांत शेतांतून आपोआप उगवणारी तांबडी पॉपी, तिच्यापासून निवडीनें तयार झालेली शर्ले पॉपी, पिवळ्या-नारिंगी पाकळ्यांची आइसलँड पॉपी, वाटीएवढें लालभडक फूल देणारी ओरिएंटल पॉपी आणि हिमालयांतील निळी पॉपी, या सर्व एकाच मोठ्या कुळांतल्या. परंतु अफूसाठीं यांपैकीं एकीचीहि लागवड होत नाहीं. यांपैकीं कित्येकींचें माहेर पाहिलें म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानांत येते. आइसलँड पॉपी नांवानें आइसलँडची असली तरी ती मूळची सैबेरिया व त्याच्या लगतच्या शीत प्रदेशांतली. ओरिएंटल पॉपी तुर्नफोर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला १७०० ते १७०२ या काळांतील प्रवासांत अर्मेनियाच्या डोंगराळ मुलखांत मिळाली, आणि तेथून ती युरोपच्या बागांत गेली. निळी पॉपी तर दहा हजार फुटांच्याहि वर, कुरणांत व खडकांच्या आडोशाला राहणारी. म्हणजे थंडी हें या फुलांवरचें संकट नव्हे. थंडी ही त्यांची दाई आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर चढलें कीं हवा सरासरीनें सहा-साडेसहा अंशांनीं थंड होते. हे अंश पैशानें विकत मिळत नाहींत, हें आमच्या हौशी मंडळींनीं लक्षांत घेतलेलें नाहीं.

आतां डोंगराचें पंचांग कसें असतें तें पाहा. हिमालयांतील बर्फाळ गांवांत पॉपीचें बी पेरावयाचें तें पहिलें बर्फ पडण्याच्या सुमारास, किंवा वसंताच्या तोंडीं बर्फ वितळतां वितळतां. बी इतकें बारीक कीं तें वाळूंत मिसळून भुरभुरावें लागतें. आणि तें मातीखालीं गाडावयाचें नाहीं, वरच्यावर ठेवावयाचें, कारण रुजण्यासाठीं त्याला उजेड लागतो. हिंवाळ्यांत बर्फ पडलें म्हणजे नवशिक्याला वाटतें, गेलें आपलें बी! वस्तुतः तें बर्फ म्हणजे त्याच्या अंगावरची रजई. थंडी सोसून, ओल पिऊन, ऊन वाढूं लागलें म्हणजे अंकुर वर येतात. मग ते निष्ठुरपणें विरळ करावयाचे, वीतभर अंतरावर एक रोप ठेवावयाचें, आणि पुढें त्यांना हात लावावयाचा नाहीं. कारण पॉपीचें मूळ गाजरासारखें सरळ खोल जाणारें. तें एकदां दुखावलें कीं झाड पुन्हां सांवरत नाहीं. उन्हाळ्यांत लोंबत्या मानेची कळी हळूहळू वर उठते, तिच्यावरचीं दोन हिरवीं दलें गळून पडतात, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या उलगडतात, आणि दोन-चार दिवसांत त्याहि गळून जातात. फूल थोडें राहतें म्हणूनच ताटव्यांत पुष्कळ रोपें लागतात. बहर ओसरल्यावर कांहीं बोंडें झाडावरच वाळूं दिलीं म्हणजे पुढच्या वर्षाचें बी माळ्याला मागावें लागत नाहीं. डोंगरच तें पेरतो.

या सर्व क्रमांत मालकाचें काम फार थोडें आहे: वेळेवर पेरणें, विरळ करणें आणि वाट पाहणें. परंतु नेमकें हें तिसरें काम आमच्या लोकांस जमत नाहीं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी यांची स्थिति. वर्षांतून दोन आठवडे ज्या घरांत राहावयाचें त्या घरासाठीं आदल्या कार्तिकांत बी कोण पेरणार? मग खालच्या गरम खोऱ्यांत वाढविलेल्या, ऐन फुलावर आलेल्या कुंड्या गाडींतून वर येतात, व्हरांड्यांत आणि हॉटेलांच्या दारांत मांडल्या जातात, पंधरा दिवस छायाचित्रांच्या उपयोगीं पडतात आणि पाहुणे परतले कीं उकिरड्यावर जातात. याला कोणी बाग म्हणत असेल तर लग्नाच्या मांडवालाहि घर म्हणावयास हरकत नाहीं.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर आम्ही एवढा कागद खर्ची घातला नसता. कुंडींतील झाडाला रोज पाणी लागतें, आणि तें ऐन मे-जूनमध्यें, जेव्हां डोंगरावरील गांवांत पाण्याचा खडखडाट असतो. २०१८ सालच्या मे-जून महिन्यांत सिमल्यास पाण्याचा असा दुष्काळ पडला कीं कांहीं दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि प्रवाशांनीं सध्यां येऊं नये असें तेथील नागरिकच सांगूं लागले. अशा गांवांत रांगेनें कुंड्या मांडून त्यांस सकाळ-संध्याकाळ झारीनें पाणी घालणें हें सौंदर्यप्रेम नव्हे. याच्या उलट जमिनींत पेरलेली पॉपी आपलें खोल मूळ बर्फाच्या ओलीपर्यंत पोंचवून स्वतःची सोय स्वतः पाहते. म्हणजे डोंगराच्या पंचांगानें चालणें हें नुसतें शास्त्रशुद्ध नाहीं. तें शेजारधर्मालाहि धरून आहे.

उतावळेपणाचें दुसरें एक उदाहरण ओरिएंटल पॉपीचें. ही वर्षानुवर्षें जगणारी जात. उन्हाळ्याच्या आरंभीं ती बहरते, आणि बहर सरला कीं तिचीं पानें पिवळीं पडून सर्व झाड जमिनीखालीं विसांवा घेतें. थोड्या दिवसांनीं, दिवस थंड होऊं लागले कीं, नवीं पानें फुटतात. परंतु मालकाला मधली मोकळी जागा पाहवत नाहीं. 'झाड मेलें' म्हणून तो तें खणून काढवितो आणि तेथें दुसरें कांहीं लावतो. गंमत अशी कीं तिच्या मुळाचा एखादा तुकडा मागें राहिला तर त्यांतूनहि नवें रोप उगवतें. झाडाला जगण्याचा एवढा उत्साह आणि मालकाला धीराचा एवढा दुष्काळ!

आतां निळ्या पॉपीकडे वळूं. कारण खरा अनर्थ येथेंच आहे. गढवालांतील भ्यूंदर खोरें, ज्याला आपण फुलांची दरी म्हणतों, तें १९३१ सालीं कामेत शिखरावरून परततांना फ्रँक स्माइथ व त्याच्या सोबत्यांस दिसलें. १९३७ मध्यें स्माइथ तेथें पुन्हां गेला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें त्या दरीवर पुस्तक लिहिलें. १९३९ सालीं जोन मार्गारेट लेग ही वनस्पतींची अभ्यासक बाई तेथेंच कड्यावरून घसरून मृत्यु पावली. तिची समाधि आजहि त्या दरींत आहे. १९८२ मध्यें तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २००५ सालीं त्या दरीचा जागतिक वारशांत समावेश झाला. त्या दरींत व तिच्यालगतच्या हेमकुंडाच्या वाटेवर काटेरी लवेची, आकाशी पाकळ्यांची जी पॉपी दिसते, तिच्यासाठीं कित्येक प्रवासी एवढी चढण चढतात. इथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु चढणाऱ्यांपैकीं एखाद्याच्याहि मनांत 'एक रोप घरीं नेऊं' असें आलें, कीं अनर्थास सुरुवात झाली.

अनर्थ कसा, तें समजण्यासाठीं हिमालयांत जावयास नको. सह्याद्रींतली कारवी आठवावी. कारवी सात-आठ वर्षें नुसती पानांवर असते, मग एके वर्षीं डोंगरच्या डोंगर जांभळे करून टाकते, बी देते आणि मरते. या पॉपीचाहि धर्म असाच. पहिल्या एक-दोन वर्षांत ती जमिनीलगत पानांचा नुसता झुबका करते. नंतर एका उन्हाळ्यांत दांडा वर काढून फुलते, बी टाकते आणि संपते. तिच्या आयुष्यांत बहर एकच. तो बहर पाहून जो तिला उपटतो, तो तिचा वंशच बुडवितो. कारण बी अजून धरलेलें नसतें. आणि उपटून तरी काय साधतें? मूळ तुटलेलें, बहर सरत आलेला, आणि खालीं मैदानांतली गरम रात्र! तें रोप घरीं पोंचण्यापूर्वींच मेलेलें असतें. मालकाला तें चार दिवसांनीं कळतें एवढेंच. राष्ट्रीय उद्यानांतून झाड नेणें कायद्यानेंहि निषिद्ध आहे. पण ज्याला एकच बहर आहे त्याचा तो बहर चोरूं नये, हें सांगावयाला कायद्याची गरज कां पडावी?

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, बागेंतलीं सर्वच फुलें कधींकाळीं रानांतून किंवा परमुलखांतून आलेलीं आहेत. डेलिया मेक्सिकोहून आला, मग पॉपीलाच बंदी कां? आमचें उत्तर असें कीं, बंदी आणण्यावर नाहीं, उपटण्यावर आहे. शर्ले पॉपीची हकीकत पाहा. १८८० सालीं इंग्लंडांतील शर्ले गांवच्या विल्क्स नांवाच्या धर्मोपदेशकाला आपल्या बागेच्या कडेला, रानटी तांबड्या पॉपींत, एका फुलाच्या पाकळ्यांना पांढरी किनार दिसली. त्यानें तें झाड उपटलें नाहीं. खूण करून ठेवलें, बी जपलें, पेरलें, त्यांतून पुन्हां निवड केली, आणि वर्षानुवर्षें हाच क्रम चालवून एक नवी जात जगाला दिली. निळ्या पॉपीचीहि तीच गोष्ट. बेली या लष्करी अधिकाऱ्याला १९१३ सालीं तिबेटांत तिची एक जात दिसली. १९२४ मध्यें किंग्डन-वॉर्ड यानें तिचें बी गोळा केलें, आणि त्या बियांवर ब्रिटनांतल्या बागांत ती रुजली. तेथेंहि ती खरी रमली ती स्कॉटलंडसारख्या थंड, ओलसर मुलखांत. ज्यांचें अनुकरण करावयाचें त्यांच्या हातांतलें बियांचें पुडकें आमच्या लोकांस दिसत नाहीं. त्यांच्या बागेंतलें फूल तेवढें दिसतें.

दुसरा आक्षेप शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्यांचा. ते म्हणतील, थंड हवेचें काचघर बांधलें कीं नागपुरांतसुद्धां निळी पॉपी फुलवितां येईल. येईलहि कदाचित्. शवागारांतहि हवा थंड ठेवतां येतेच. परंतु एका फुलासाठीं रात्रंदिवस यंत्र चालवावयाचें, आणि वीज गेली कीं दोन वर्षांची मेहनत एका दुपारींत गमवावयाची, याला बागकाम म्हणत नाहींत. शास्त्र आपल्याला झाडाचा स्वभाव समजावून देण्यासाठीं आहे, त्याच्यावर जुलूम करण्यासाठीं नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याचा विचार आम्ही आदरानेंच करतों. कोणी म्हणेल, प्रत्येकाला हिमालयांत जाणें परवडत नाहीं. मग ज्याच्या गांठीं पैसा नाहीं त्यानें पॉपी पाहावयाचीच नाहीं काय? सौंदर्य हा श्रीमंतांचा मक्ता आहे काय? मुळींच नाहीं. परंतु याचा उपाय रोपें खालीं आणणें हा नव्हे, तर आपल्या गांवचें पंचांग ओळखणें हा आहे. पुण्या-नाशकाकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास शर्ले पॉपीचें बी थेट वाफ्यांत पेरलें, तर थंडी सरतां सरतां तिचा ताटवा बहरतो. आमचा हिंवाळा हाच तिचा उन्हाळा! खर्च काय, तर बियांचें एक पुडकें. एखादा म्हणेल, आमचें महाबळेश्वर आहेच कीं. साडेचार हजार फूट उंची, मग तेथें हिमालयांतल्यासारखी उन्हाळी बाग कां नको? कारण डोंगर हा शब्द एक असला तरी डोंगर एक नव्हेत. महाबळेश्वरास बर्फाची रजई नाहीं, आणि जूनपासून दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. कोरडा पाय मागणारी बारमाही पॉपी त्यांत कुजणार, हें सांगावयाला ज्योतिषी नको. तेथेंहि पॉपी हवी असेल तर ती हिंवाळी पिकासारखीच घेतली पाहिजे. आणि सह्याद्रीच्या पावसाळ्याचें स्वतःचें वैभव काय कमी आहे? साताऱ्याजवळचें कासचें पठार २०१२ पासून जागतिक वारशांत मोडतें. तेथें भाद्रपद-आश्विनांत जें फुलतें तें हिमालयांत फुलत नाहीं. परंतु तेथेंहि फुलांत बसून छायाचित्रें काढण्याच्या नादानें एवढी तुडवातुडव झाली कीं येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. रोग एकच आहे. फक्त डोंगर बदलला.

ज्यांना डोंगरावर घर आहे, अथवा जे दरवर्षीं तेथें जातात, त्यांनीं काय करावें तेंहि सांगतों. नुसता निषेध करून थांबणें आम्हांस पसंत नाहीं. घर वर्षभर बंद असेल तर तेथील एखाद्या शेजारी कुटुंबाला योग्य मोल देऊन आश्विन-कार्तिकांत बी पेरून घ्यावें. कुंड्या विकत घेण्याचा पैसा खालच्या व्यापाऱ्याला देण्याऐवजीं वरच्या गांवांतल्या मनुष्याला दिला तर तो अधिक उपयोगीं पडेल, कारण बर्फ केव्हां पडतें व केव्हां वितळतें याचें ज्ञान त्याच्यापाशीं पिढ्यान् पिढ्यांचें आहे. निळी पॉपी हवीच असेल तर उंचावरच्या, थंड, अर्ध्या सांवलीच्या, पानांचें खत मुरलेल्या ओलसर जमिनींत, आणि बागेंतच वाढलेल्या झाडाच्या बियांपासून ती लावावी. रानांतलें बोंड तोडूं नये. दोन-तीन वर्षें थांबण्याची तयारी नसेल तर तिचा नाद सोडावा. जिला एकदांच फुलावयाचें आहे तिला घाई करणारा मालक नको.

फूल आपल्याकडे यावें असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु कांहीं फुलें अशीं आहेत कीं त्यांच्याकडे आपणच गेलें पाहिजे, आणि गेल्यावर रिकाम्या हातांनीं परतलें पाहिजे. हें ज्याला साधेल त्यानें डोंगरावर बाग खुशाल लावावी. तिच्यांत पॉपी आनंदानें फुलेल. ज्याला साधणार नाहीं, त्यानें कागदाचीं फुलें आणून मांडावीं. तीं कोणत्याहि महिन्यांत फुलतात, त्यांना पाणी लागत नाहीं, आणि तीं उपटल्यानें कोणाचा वंशहि बुडत नाहीं.